लिव्हरचा ऑटोइम्यून आजार: पुरुषाला विचारतात दारू, बाईला विचारतात वय

मंजिरी_प्रतापनगर

नमस्कार मंडळी. आमच्या घरात एकाच वर्षात दोघांना लिव्हरचा ऑटोइम्यून आजार निघाला, माझ्या मोठ्या भावाला आणि माझ्या नणंदेला. दोघांचं रक्ताचं नातं नाही आणि आजारही वेगळे. दादाला ऑटोइम्यून हेपेटायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरच्या पेशींवर उलटते. नणंदेला पीबीसी, त्यात तीच प्रतिकारशक्ती लिव्हरच्या आतल्या बारीक पित्तनलिका पोखरते. निदान व्हायला दोघांनाही फार उशीर झाला. त्याचं दादाचं कारण तो पुरुष असणं आणि नणंदेचं कारण ती बाई असणं, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा धागा.

दादा माळकरी आहे. पावसाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले, लघवी गर्द व्हायला लागली, जेवणाचा वासही नको झाला. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, ८०० च्या वर. शहरातल्या एका दवाखान्यात वहिनीला बाहेर बसवून त्याला विचारलं, "किती घेता?" तो म्हणाला, घेत नाही. "आता खरं सांगा." हेपेटायटिस ए, ई, बी, सी सगळं निगेटिव्ह आलं, तरी फाइलवर दारूची शंका लिहिली गेली. मग ती फाइल जिथे जिथे गेली तिथे तिथे आधी ती ओळ वाचली गेली. नातेवाइकांत कुजबुज झाली ती वेगळीच. गळ्यात माळ असलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघतात तेव्हा त्याचं काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

नणंदेची तऱ्हा दुसरी. पन्नाशीची बाई, दिवसभर थकवा, अंगाला खाज. तिला सांगितलं गेलं की पाळी जायचं वय आहे, हे चालायचंच. अल्कलाइन फॉस्फटेज सतत वाढलेलं यायचं, तर ते हाडांमुळे असेल म्हणून व्हिटॅमिन डीची पाकिटं सुरू केली. हे एन्झाइम हाडांतूनही येतं आणि पित्तनलिकांतूनही येतं. कुठून येतंय ते जीजीटी नावाच्या स्वस्त तपासणीने कळू शकतं. ती तपासणी कुणीच केली नाही.

मी जे वाचलं त्यानुसार ऑटोइम्यून हेपेटायटिस एका पुरुषामागे साधारण तीन ते चार बायकांना होतो. पीबीसीत हेच प्रमाण पूर्वी एकास नऊ धरायचे. आणि पीएससी नावाचा, पित्तनलिका आवळून टाकणारा तिसरा भाऊबंद बरोबर उलटा, तो पुरुषांत जवळपास दुप्पट. एकाच अवयवाचे तीन आजार, तिन्हींत प्रतिकारशक्तीचाच घोळ, मग असं का? तुमचे अनुभव आणि जाणकारांचं मत, दोन्ही हवंय.

अजनीकर

मंजिरीताई, तुमचा तो उलटा भाऊबंद माझ्याकडे आहे. पीएससी. वय ३८, रेल्वेत नोकरी. मला आधी आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, नंतर लिव्हर निघालं. पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं की पीएससीच्या बहुतेक पेशंटना आतड्याचा आजार असतोच, म्हणून लिव्हरचे रिपोर्ट बिघडले तसा त्यांनी लगेच एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करायला लावला. त्यात पित्तनलिका कुठे आवळलेल्या, कुठे फुगलेल्या दिसल्या, मण्यांच्या माळेसारख्या. माझं निदान लवकर झालं ते आधीच आतड्याचा पेशंट होतो म्हणून. नाही तर मलेही तोच प्रश्न विचारला असता.

खाज काय असते ते सांगतो, कारण बाहेरच्याला ते समजत नाही. पुरळ नाही, चट्टा नाही, काहीच दिसत नाही. तळहात आणि तळपाय आतून खाजतात. रात्री वाढते. मे महिन्यात नागपुरात कूलरसमोर झोपलो तरी अंग तापलं की झालं सुरू. बायको म्हणे, अहो काहून एवढं खाजवून राहिले, रक्त निघून राहिलं. ओला टॉवेल पायाला गुंडाळून झोपायचो. त्वचेच्या डॉक्टरांचं मलम लावून काही होत नाही, कारण भानगड त्वचेत नसतेच, पित्तात असते. कोलेस्टायरमिनची पावडर सुरू झाल्यावर झोप लागायला लागली. ती बाकीच्या गोळ्यांसोबत घ्यायची नाही, मध्ये काही तास सोडायचे, नाही तर बाकीच्या गोळ्या अंगी लागत नाहीत. हे मले औषधाच्या दुकानातल्या पोराने सांगितलं, त्याचे आभार.

शुभदा_वर्धा

ताई, मी तुमच्या दादाच्या आजाराची. बाळंतपणानंतर निघाला. माहेरी वर्ध्याला होते, मुलगी दोन महिन्यांची. जिना चढून वर गेलं की बसावं लागायचं. आई म्हणायची, अंगावर पाजतेय, झोप नाही, अशक्तपणा राहणारच. डिंकाचे लाडू, अळीव, सगळं चालू. डोळे पिवळे दिसले ते आईला नाही, मुलीला डोस द्यायला नेलं तिथल्या सिस्टरला. तिने मला खिडकीजवळ उजेडात उभं केलं, डोळ्याची खालची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाली, बाळाचं नंतर बघू, आधी तुमचं रक्त द्या.

मला अजून पडलेला प्रश्न असा की गरोदरपणात मी ठणठणीत होते, उलट नेहमीपेक्षा बरी. मग नंतरच का?

पेशी_रंग

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नागपुरातच. काचेवरचं लिव्हर, म्हणजे बायोप्सीचा तुकडा, सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे माझं रोजचं काम. जमेल तसं लिहितो. इथे कुणाचं निदान करणार नाही.

शुभदाताई, तुमच्याच प्रश्नापासून सुरू करतो. पोटातलं बाळ अर्धं वडिलांचं असतं, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीच्या लेखी अर्धं परकं. ते टिकावं म्हणून गरोदरपणात ती शक्ती आपला पवित्रा बदलते. त्यामुळे ऑटोइम्यून हेपेटायटिस बऱ्याच जणींत, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, निवळतो. प्रसूतीनंतर हार्मोन्स झपाट्याने उतरतात, ती सवलत संपते आणि पहिल्या काही महिन्यांत आजार उसळतो. म्हणून ज्यांना हा आजार आधीपासून माहीत आहे त्यांची एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, बाळंतपणानंतर ठरवून, पुन्हा पुन्हा करतात. ज्यांना माहीत नाही त्यांचा थकवा लाडवांखाली झाकला जातो.

आता मंजिरीताईंचं 'का'. पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही, पण बराच भाग हाती आलाय. बाईच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषात एक. प्रतिकारशक्तीची बरीच जनुकं याच एक्सवर बसलेली आहेत. बाईत दुप्पट माल होऊ नये म्हणून गर्भातच प्रत्येक पेशी एक एक्स बंद करते. पण हे बंद होणं म्हणजे कंदिलाची वात खाली करणं, फुंकर मारून विझवणं नव्हे. टीएलआर७ सारखी काही जनुकं त्या मंद उजेडातही काम करत राहतात, आणि टीएलआर७ चं कामच प्रतिकारशक्तीला जागं करण्याचं आहे.

त्याहून नवी गोष्ट २०२४ मधली, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची. दुसरा एक्स बंद करायला एक्सिस्ट नावाचा आरएनएचा लांब धागा त्याच्यावर पसरतो आणि त्याला ढीगभर प्रथिनं चिकटतात. हा गुंता फक्त मादीत असतो. संशोधकांनी जनुकीय बदल करून तो नर उंदरांत तयार करायला लावला. मग ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती अनेक अवयवांवर उलटते तो आजार) आजार जडवणारं रसायन दिल्यावर त्या नरांना जवळपास माद्यांइतकाच आजार झाला. म्हणजे दुसरा एक्स गप्प बसवायची यंत्रणाच काहींच्या प्रतिकारशक्तीला खुपते. हा प्रयोग लिव्हरच्या आजारावर नव्हता, पण दिशा तीच. माणसांतही याचा माग लागतो. ज्या पुरुषांना जन्मतः एक एक्स जास्त असतो, म्हणजे एक्सएक्सवाय, त्यांना ल्युपसचा धोका जवळपास बायकांइतका असतो.

पीबीसीत एक वेगळंच दिसलं. २००४ मध्ये इटलीतल्या संशोधकांना आढळलं की पीबीसी असलेल्या बायकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून एक एक्स गळून जाण्याचं प्रमाण त्याच वयाच्या निरोगी बायकांपेक्षा जास्त असतं. वय वाढेल तसं ते वाढतं. हा आजार चाळिशीनंतर का दिसू लागतो, त्याचा एक धागा कदाचित इथे असेल.

पीएससी पुरुषांत जास्त का, याचं इतकं नीट उत्तर माझ्यापाशी नाही. तिथे आतडं आणि त्यातले जंतू यांचा मोठा वाटा असावा, आणि नेहमीच्या ऑटोइम्यून साच्यात तो आजार बसत नाही. स्टिरॉइडने तो आटोक्यात येत नाही, इथूनच त्याचं वेगळेपण सुरू होतं.

नचिकेत_धरमपेठ

माहितीपूर्ण धागा. पण एक शंका, मंजिरीताई रागावू नका. आजार बायकांत चौपट असेल तर डॉक्टरांनी तो बायकांत आधी शोधणं आणि पुरुषात आधी दारू शोधणं हे तर्काला धरूनच नाही का? दारूने लिव्हर गेलेले पुरुष आपल्याकडे थोडे आहेत का?

मंजिरी_प्रतापनगर

रागावत नाही. दारूचं विचारू नये असं मी म्हणतच नाही. विचारा, दहा वेळा विचारा. पण उत्तर मिळाल्यावर पुढची तपासणी तर करा! आणि नचिकेत, तुमचा तर्क खरा धरला तर माझ्या नणंदेला निदान लगेच मिळायला हवं होतं. आजार बायकांचा, ती बाई, वय अगदी पुस्तकातलं. तरी तिला पाळीचं कारण दिलं. म्हणजे प्रमाण बायकांच्या बाजूने असूनही बाईला त्याचा फायदा झाला नाही आणि पुरुषाला तोटा मात्र झाला.

पेशी_रंग

ताईंशी सहमत, आणि नचिकेत, तुमच्या शंकेला इतिहासही आहे. ऑटोइम्यून हेपेटायटिसचं पहिलं ठसठशीत वर्णन १९५० मध्ये स्वीडनच्या वाल्डनस्ट्रॉम यांनी केलं, तेही तरुण बायकांचं. तेव्हापासून हा आजार तरुण बाईचाच समजला गेला. पुढे निदानासाठी गुणपद्धती तयार झाली. तिच्या १९९९ च्या आवृत्तीत पेशंट बाई असेल तर त्याचेच २ गुण मिळत. पुरुषाला शून्य. तोच रक्ताचा रिपोर्ट, तीच बायोप्सी, पण पुरुष दोन पायऱ्या खालून सुरुवात करायचा. २००८ मध्ये सोपी पद्धत आली. तिच्यात चारच गोष्टी मोजतात: स्वतःविरुद्धच्या अँटिबॉडी, आयजीजी या रक्तातल्या प्रथिनाची पातळी, बायोप्सी आणि व्हायरल हेपेटायटिस नसणं. बाई की पुरुष हा रकानाच काढून टाकला. मला तो निर्णय फार योग्य वाटतो. माझ्या काचेवर पोर्टल भागाच्या, म्हणजे लिव्हरमध्ये रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र असतात त्या जागेच्या, कडेला अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींची गर्दी दिसते, त्या कडेच्या लिव्हर पेशी कुरतडलेल्या दिसतात. ती काच बाईची की पुरुषाची हे मला वरचं लेबल वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

दादाच्या बाबतीत तर साधा आकडाच बोलत होता. दारूच्या हेपेटायटिसमध्ये एसजीओटी हे दुसरं एन्झाइम एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास किंवा वर असतं, आणि दोन्ही सहसा ३००-४०० च्या आत राहतात. एसजीपीटी ८०० च्या वर गेलं की नुसत्या दारूवर बोट ठेवून थांबता येत नाही. तिथे एएनए, एसएमए या अँटिबॉडी आणि आयजीजी सांगायलाच हवं होतं.

पीबीसीचं ते एकास नऊ प्रमाणही आता डळमळलंय. २०१६ मध्ये आलेल्या लोकसंख्येवरच्या अभ्यासात एका पुरुषामागे बायका इटलीच्या लोंबार्डीत २.३ आणि डेन्मार्कमध्ये ४.२ इतक्याच निघाल्या. पुरुषांकडे नीट पाहिलं तसे ते सापडायला लागले असावेत. आणि उशिरा सापडण्याची किंमत ते मोजतात. २०१३ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड, म्हणजे पीबीसीची नेहमीची गोळी, ८०% बायकांना लागू पडली आणि ७२% पुरुषांना. पीबीसीच्या पुरुषांत लिव्हरच्या कॅन्सरचा धोकाही जास्त. उलट खाज आणि थकवा बायकांना जास्त छळतो. त्यामुळे एएमए, म्हणजे पीबीसीच्या अँटिबॉडीची तपासणी, बाईसाठी राखीव ठेवायची गोष्ट नाही.

ओवी_मानेवाडा

शुभदा, तुझ्या गोळ्यांबद्दल विचारू? मलाही ऑटोइम्यून हेपेटायटिस आहे. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन. आता मूल हवंय आणि सासूबाई म्हणतात, आधी सगळ्या गोळ्या बंद कर, पोटात विष नको. इकडे स्टिरॉइडने चेहरा इतका सुजलाय की लग्नसराईत कुणी ओळखेना. दोन बाया म्हणाल्या, छान तब्येत झाली. रडायला आलं.

शुभदा_वर्धा

ओवी, बंद करू नकोस गं. निदान मनाने तर मुळीच नको. मी दुसऱ्या वेळी अ‍ॅझाथायोप्रिन चालू ठेवूनच गरोदर राहिले, पोटाचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी बसून ठरवलं. मुलगा झाला, छान आहे. सासूबाईंना एकदा सोबत ओपीडीत ने. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी स्वतः सांगितलं की गोळी थांबवली आणि आजार उसळला तर ते बाळाला जास्त वाईट. त्यानंतर त्याच मला गोळीची आठवण करून द्यायच्या. चेहरा उतरतो. डोस कमी होत गेला तसा माझा उतरला.

पेशी_रंग

शुभदाताईंनी नेमकं सांगितलं. फक्त एक जोड. याच आजारात काहींना मायकोफेनोलेट देतात. ते गरोदरपणात चालत नाही, गर्भात व्यंग येऊ शकतं. ते चालू असेल तर मुलाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावं लागतं. ओवीताई, तुमचं औषध ते नाही, पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं असेल.

अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करताना एनयूडीटी१५ ही जनुकीय तपासणी आपल्याकडे कामाची आहे. त्या जनुकात बदल असेल तर पांढऱ्या पेशी धाडकन उतरतात, केस मूठमूठ गळतात. हा बदल युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत बराच जास्त. तपासणी झाली नसेल तर सुरुवातीला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वरचेवर करायची, ती चुकवायची नाही.

आणि हाडं. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, पीबीसीने होतात, पाळी गेल्यावरही होतात. मंजिरीताई, तुमच्या नणंदेच्या वाट्याला यातल्या दोन गोष्टी आहेत. त्यांची डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, झाली नसेल तर विचारा. व्हिटॅमिन डीची पाकिटं त्यांना लागतीलही, पण पित्तनलिकांचा आजार त्याने जात नाही.

बाबाराव_उमरेड

सगळं वाचलं. चांगली चर्चा आहे. पण बाप्पा, आमच्याकडे कावीळ म्हटलं की पहिले गुळवेलीचा काढा देतात, आणि माणसं बरी होतात हे मी लहानपणापासून पाहत आलो. कडुलिंबावरची गुळवेल, ताजी. त्याच्याबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही म्हणून विचारतो.

पेशी_रंग

बाबारावकाका, माणसं बरी होतात हे तुम्ही पाहिलेलं खरं आहे. आपल्याकडची बहुतेक कावीळ हेपेटायटिस ए किंवा ई ची असते, दूषित पाण्यातून येणारी. ती बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, काढा घेतला तरी आणि नाही घेतला तरी.

ऑटोइम्यून आजारात मात्र गुळवेल जपून नव्हे, घेऊच नये. तिचं कामच प्रतिकारशक्ती चेतवण्याचं, आणि इथे आधीच चेतलेली शक्ती लिव्हर खातेय. कोविडच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले, त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट नोंदवले. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ पेशंट मांडले. त्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या, आणि बऱ्याच जणांच्या बायोप्सीत ऑटोइम्यून हेपेटायटिससारखंच चित्र होतं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही, गुळवेल सुरक्षित असल्याचं त्यांचं म्हणणं. मी त्या वादात न पडता एवढंच सांगतो की लिव्हरच्या, थायरॉइडच्या किंवा कुठल्याही ऑटोइम्यून पेशंटला काढा देऊ नका, आणि काढा घेत असलेल्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये.

अजनीकर

माझ्या आईने मले वर्षभर दिला होता. आता घरात येत नाही. काका, तुमचं विचारणं वेगळं काही आहे का? कोणी आजारी आहे का घरी?

बाबाराव_उमरेड

हो. पुतणी. १४ वर्षांची. दोन महिने झाले, डोळे पिवळे, शाळेतून आली की झोपते. ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची कॅरियर आहे, शाळेतल्या तपासणीत निघालं होतं. म्हणून सगळे म्हणतात, सिकलमुळे पिवळे होतात डोळे. गावातल्या माणसाकडून कावीळ उतरवून आणली, चुन्याच्या पाण्याने हात धुतले, पाणी पिवळं झालं. एसजीपीटी ५४० आहे. काढा चालू आहे.

मंजिरी_प्रतापनगर

काका, काढा आजच थांबवा. पाणी कुणाच्याही हाताने पिवळं होतं, त्यात तुमचा दोष नाही. डॉक्टर, जरा लवकर बघाल का हे?

पेशी_रंग

बाबारावकाका, नीट वाचा. सिकलची नुसती कॅरियर असेल तर त्यामुळे डोळे पिवळे होत नाहीत. सिकलचा पूर्ण आजार असला तरी त्यात मुख्यतः इनडायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे तांबड्या पेशी फुटून तयार होणारं पिवळं द्रव्य, वाढतं. ५४० एसजीपीटीचं उत्तर नुसत्या सिकलने मिळत नाही. विदर्भात सिकल इतका आहे की पिवळे डोळे दिसले की सगळ्यांना तोच आठवतो, आणि बाकीचं मागे राहतं.

दोन महिने उलटले म्हणजे आता वाट बघायची नाही. ऑटोइम्यून हेपेटायटिसचा दुसरा प्रकार मुख्यतः लहान वयात आणि फार करून मुलींत दिसतो. त्यात एएनए निगेटिव्ह येऊ शकतं, एलकेएम नावाची अँटिबॉडी मुद्दाम मागावी लागते. या वयात विल्सनचा आजारही बघतात, लिव्हरमध्ये तांबं हा धातू साठण्याचा, त्यासाठी रक्तातलं सेरुलोप्लास्मिन हे प्रथिन आणि डोळ्यांची तपासणी. हेपेटायटिस ए, ई, बी, सी तर आधी. माझं म्हणणं यातलंच काही आहे असं नाही. पण हे सगळं बघितल्याशिवाय सिकल म्हणून सोडून द्यायचं नाही.

बाबाराव_उमरेड

नागपूरले कुठे न्यायचं? खर्चाचं पण बघावं लागते.

अजनीकर

काका, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत पोटविकाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर या, केसपेपरले लाइन असते. रेशनकार्ड, पोरीचं आधार, सिकलचं कार्ड, जुने सगळे रिपोर्ट घेऊन या. योजनेत काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राले विचारा. मी अजनीतच राहतो, पाच मिनिटांवर. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवला आहे. गाडी उमरेडहून निघाली की फोन करा, मी गेटवर येतो.

पेशी_रंग

काका, जाईपर्यंत पोरीकडे लक्ष ठेवा. असंबद्ध बोलायला लागली, दिवसा उठवूनही उठेना, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, उलट्या थांबेनात, तर ओपीडीची वाट न पाहता रात्री असो की दिवस, थेट मेडिकलच्या कॅज्युअल्टीत. आणि ती ठीक असली तरी उद्या सकाळी उमरेडलाच पीटी-आयएनआरसाठी, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं ते बघायला, रक्त द्या. लिव्हर काम करतंय की थकलंय हे एसजीपीटीपेक्षा त्यात जास्त कळतं. आयएनआर १.५ च्या वर आला तर त्याच दिवशी निघा.

बाबाराव_उमरेड

काढा फेकला. रक्ताला सकाळी सात वाजता नेतो. आकडा आला की इथेच टाकतो.